आधी तारा, मग पडदा

पत्र : आम्हा तिघा मित्रांच्या मालकीचं एक सेसना १७२ हे छोटं विमान आहे, १९७६ चं. ते बारामतीला हँगरमध्ये असतं. आम्ही पुण्याहून शनिवार-रविवारी जातो. तिघांचे मिळून वर्षाला ८० तास होतात, तेही दिवसा आणि उघड्या हवेत, म्हणजे बाहेरचं स्पष्ट दिसत असताना. आतली उपकरणं बहुतेक मूळचीच आहेत. एक रेडिओ मधूनच बंद पडतो. दिशेचा जायरो (आतल्या भोवऱ्यावर दिशा दाखवणारा डायल) सारखा कंपासशी जुळवावा लागतो. एका भागीदाराला समोरचं उपकरणांचं सगळं पॅनेल काढून मोठा टचस्क्रीन बसवायचाय. दुसरा म्हणतो, पन्नास वर्षं चाललं, अजून चालेल. माझी मुलगी फ्लाइंग स्कूलमध्ये शिकते, तिथल्या विमानांत डायलांऐवजी इलेक्ट्रॉनिक पडदे. आमच्या विमानात बसली की म्हणते, 'बाबा, यातलं मला पटकन काही वाचताच येत नाही.' पैसे किती घालावेत आणि कशात? (एक वाचक, निगडी प्राधिकरण)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, 'एक रेडिओ मधूनच बंद पडतो.' भागीदारांचा वाद तुम्ही सविस्तर लिहिलाय आणि हे मात्र जाता जाता. माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. बारामतीच्या धावपट्टीवर शिकाऊ मुलं सर्किट मारत असतात, म्हणजे उडून, धावपट्टीभोवती फेरी घेऊन पुन्हा उतरतात. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर) कोण, फायनलला (उतरायच्या सरळ वाटेवर) कोण, हे एकमेकांच्या बोलण्यावरून कळतं. तिथे तुमचं वाक्य अर्ध्यावर तुटत असेल तर टचस्क्रीनचा विषय बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात तो रेडिओ बघून घ्या. तोवर दुसऱ्या रेडिओवर बोला. दुसराही कुरकुरायला लागला तर विमान हँगरच्या बाहेर काढू नका.

मी ३४ वर्षं विमानांच्या रेडिओची आणि इन्स्ट्रुमेंटची कामं केली. मधूनच बंद पडणाऱ्या रेडिओत बहुतेक वेळा रेडिओचा काही दोष नसतो. पेटी काढून बेंचवर नेली की ती छान चालते. परत लावली की दोन सॉर्ट्या (उड्डाणं) ठीक, मग पुन्हा तोच स्नॅग (बिघाड). कारण खराबी असते पेटी ज्या ट्रेमध्ये बसते त्याच्या मागच्या कनेक्टरमध्ये. पेटी बाहेर ओढून आत ढकलली की पिना एकमेकींवर घासतात, वरचा गंज थोडा निघतो आणि काही दिवस संपर्क नीट होतो. मालकाला वाटतं, दुरुस्त झालं. अशा वेळी लोक वैतागून नवा रेडिओ घेतात आणि तो त्याच जुन्या वायरिंगवर चढवतात. मग नवाही तसाच वागतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की कॅटलॉग उघडण्याआधी पॅनेल उघडा.

तुमच्याच वयाच्या एका १७२ चं पॅनेल उघडल्याचं मला अजून आठवतं. पुढच्या दोन्ही सीटा काढल्या, पाठीवर झोपलो, तोंडात टॉर्च धरला आणि वर पाहिलं. मूळ तारांचं आवरण उन्हानं कडक झालेलं, वाकवलं की चरा पडत होता. त्यावर कुणी नंतर बसवलेल्या इंटरकॉमच्या तारा, त्यावर हातातल्या जीपीएसला दिलेली एक लाइन, त्यावर कधीच काढून टाकलेल्या एडीएफची (जुन्या दिशादर्शक रेडिओची) केबल. काळ्या टेपचा गोंद वितळून त्यावर धूळ बसलेली. मीटर लावत लावत गेलो तर एका तारेत चक्क बॅटरीचा दाब होता आणि तिचं दुसरं टोक उघडं, कंट्रोल कॉलमच्या चेनशेजारी खोचून ठेवलेलं. ती तार कशाची, हे कुठल्याही लॉगबुकात नव्हतं. संध्याकाळी मेलेल्या तारांची मोळी वजनकाट्यावर ठेवली, ती ३ किलो ४०० ग्रॅम भरली. त्या मालकानं तेव्हा नवं काहीच घेतलं नाही. जुन्याच रेडिओंना नव्या तारा आणि नवे कनेक्टर घातले, आणि पुढची चार वर्षं त्याची एक तक्रार आली नाही.

तुमच्याकडेही हेच आधी होऊ द्या. अँटेनाही उतरवून पाहायला सांगा. वरून रंग ठीक दिसतो, पण बुडाखाली पावसाचं पाणी शिरून अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली असते, आणि अँटेनाला विमानाच्या पत्र्याशी जी चांगली जोड हवी ती उरत नाही. अँटेनाची केबल जुनी आरजी-५८ जातीची असेल तर ती काढून आरजी-४०० घाला. या कामाचं कुणी फोटो काढून कौतुक करणार नाही, पण पन्नास वर्षांच्या विमानात माझा पहिला रुपया इथेच जाईल.

पॅनेल उघडलंच आहे तर विजेचा हिशेबही मांडून घ्या. १९७६ च्या १७२ मध्ये १४ व्होल्टची यंत्रणा आणि ६० अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज देणारं जनित्र) असतो. २८ व्होल्ट १९७८ पासून आले. त्यामुळे नंतरच्या मॉडेलचं उपकरण स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. सतत चालणाऱ्या सगळ्या उपकरणांची बेरीज अल्टरनेटरच्या ८० टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे तुमच्याकडे ४८ अँपिअर. नवी उपकरणं जुन्यांपेक्षा कमी वीज खातात, त्यामुळे हिशेब बहुधा बसेल. पण तो कागदावर मांडलेला हवा.

आता क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण. तुम्ही लिहिलंय, उघड्या हवेतच उडतो. त्यावर मला थोडं सविस्तर बोलायचंय.

काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी एका मालकाबरोबर रेडिओच्या चाचणीला मी उजव्या सीटवर बसलो होतो. ऊस गाळपाचा हंगाम ऐन भरात होता आणि थंडीनं धुरकं खाली दाबून ठेवलं होतं. कागदावर हवा उघडीच होती. भिगवणच्या पुढे उजनीच्या पाण्यावर आलो आणि पाणी कुठे संपतं, आकाश कुठे सुरू होतं ते कळेना. खालीवर एकच राखाडी रंग. मालक पॅनेलवरच्या त्या क्षितिजाकडे, हरायझनकडे, बघून उडवू लागले. हरायझन सरळ होता आणि कंपास मात्र फिरत होता. हरायझनचा जायरो इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाच्या ओढीवर फिरतो. माझी नजर व्हॅक्यूमच्या मीटरवर गेली. जिथे साधारण ५ इंच दिसायला हवेत तिथे काटा शून्यावर. पंप मेला होता. मी त्यांना वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर दाखवला. तो विजेवर चालतो, आणि तो सांगत होता की आपण डावीकडे वळतोय. त्यांनी पंख सरळ केले, दक्षिणेला तोंड केलं, आणि तीन-चार मिनिटांनी उसाचे हिरवे चौकोन दिसले तेव्हा दोघांनीही श्वास सोडला. आम्ही पूर्ण वेळ कायद्यानं उघड्या हवेत होतो.

तुमच्या इंजिनाच्या मागच्या बाजूला जो कोरडा व्हॅक्यूम पंप आहे, त्यात कार्बनच्या पात्या असतात. त्या झिजत जातात आणि एके दिवशी काहीही पूर्वसूचना न देता तुटतात. पंप थांबला म्हणून जायरो लगेच थांबत नाही. भोवरा निजताना डोलतो तसा तो हळूहळू कलतो, आणि वैमानिक त्याच्यामागे विमान कलवत जातो. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. ढगात उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसू न देता विमान चालवायला दिलं. विसांपैकी प्रत्येकाचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. आपल्या सह्याद्रीत जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग घाटमाथ्यावर कसे उतरतात हे तुम्ही लोणावळ्याला दरवर्षी बघता. तिथे जायचा बेत नसला तरी माणूस तिथे सापडू शकतो.

म्हणून तारांनंतरचा पैसा क्षितिजावर. जुन्या दोन भोकांत, हरायझनच्या आणि दिशेच्या जायरोच्या जागी, दोन छोटी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बसतात. गार्मिनचं जी-५ किंवा जीआय २७५, दोन्ही ३.१२५ इंचांच्या त्या नेहमीच्या भोकात मावतात. अशी दोन बसवली की रीतसर मंजुरीनं व्हॅक्यूमचा पंप, नळ्या, फिल्टर सगळं काढून टाकता येतं. एक निकामी झालं तर दुसऱ्यावर क्षितिज आणता येतं. जी-५ ला स्वतःची बॅटरी असते, अल्टरनेटर गेला तरी ती ४ तासांपर्यंत चालते. दिशेसाठी पंखात एक चुंबकीय सेन्सर बसवावा लागतो. तो नेव्हिगेशन दिव्याच्या तारेपासून लांब बसवलाय ना, हे तुम्ही स्वतः विचारा, नाहीतर दिवा लावला की दिशा हलते.

जाता जाता, जायरो सारखा जुळवावा लागतो हा आपोआप दोष ठरत नाही. सगळेच सरकतात. १५ मिनिटांत ३ अंशांपर्यंत चालतं. तुमचा किती सरकतो ते पुढच्या सॉर्टीत घड्याळ लावून लिहा.

तुमच्या मुलीचं म्हणणं मी हट्ट मानत नाही. शाळेतलं विमान तिला वेग आणि उंची सरकत्या पट्टीवर दाखवतं, क्षितिज पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असतं. तिची नजर त्या वाटेनं फिरायला शिकलीय. तुमची नजर सहा गोल डायलांवर तयार झाली. उद्या ती एकटी हे विमान घेऊन निघणार असेल तर घाईच्या क्षणी दोघांनाही वाचता येईल असं पॅनेल हवं. वरच्या दोन छोट्या उपकरणांत पट्ट्याही आहेत, आणि शेजारी तुमचे जुने वेगाचे आणि उंचीचे गोल डायल राहतात. बापलेकींना एकाच पॅनेलवर आपापली भाषा मिळते.

मग मोठा टचस्क्रीन? तुमच्या त्या भागीदाराची दिशा चुकलेली नाही. जी-३-एक्स टचसारखी यंत्रणा उत्तम आहे. पण तिच्यासाठी पॅनेलचा पत्रा नव्यानं कापावा लागतो, विमान महिनोन् महिने उघडं पडून राहतं, आणि जुन्या विमानात घातलेले हे पैसे विकताना पुरते परत येत नाहीत. तिघांत मिळून ८० तास, दिवसाउजेडी उड्डाण. याला तो खर्च मला जास्त वाटतो. शिवाय तुमच्या लायकॉमिंग ओ-३२० इंजिनाचा ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) २००० तासांना येतो. तुमचे किती झालेत ते पत्रात नाही. १६०० च्या पुढे गेला असाल तर इंजिनाची ठेव मोडून पडदा घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

आणि 'अजून चालेल' म्हणणाऱ्या भागीदाराला सांगा, गोल डायल खरंच अजून चालतील. पण जायरो ओव्हरहॉलला पाठवणं दरवर्षी महाग आणि अवघड होत चाललंय, आणि पंप कधी जाईल ते कुणालाच ठाऊक नसतं.

ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला तुमची ओळख आणि उंची कळवणारी पेटी. तो जुना केटी ७६ए असेल तर तो बदलायच्या यादीत घ्या. लोहगाव हे हवाई दलाचं विमानतळ आहे. तिथल्या रडारवर तुमची उंची नीट दिसली तर कंट्रोलरला तुम्हाला वाट काढून देणं सोपं जातं. नवा घेताना १०९० मेगाहर्ट्झवर एडीएस-बी (विमान आपली जागा आपणहून कळवतं ते संकेत) पाठवणाराच घ्या. अमेरिकी वैमानिकांचे व्हिडिओ बघून लोक ९७८ मेगाहर्ट्झची पेटी मागवतात, कारण ती स्वस्त असते आणि पडद्यावर फुकट हवामान येतं. ती सोय अमेरिकेतल्या जमिनीवरच्या केंद्रांमुळे आहे. बारामतीवर त्या पेटीला काहीही ऐकू येणार नाही. ट्रान्सपाँडर तिथून सेकंडहँड घेतला तर त्यात आधीच्या विमानाचा २४ बिटचा पत्ता भरलेला असतो. भारतातल्या विमानांचे पत्ते ८० ते ८३ या आकड्यांनी सुरू होतात, अमेरिकेतले 'ए' या अक्षरानं. तो बदलून तुमच्या नोंदणीचा भरलाय, हे चाचणीच्या यंत्रावर डोळ्यांनी बघा.

ईएलटीबद्दल, म्हणजे विमान पडलं तर मदतीचा संकेत पाठवणाऱ्या पेटीबद्दल, तुम्ही काहीच लिहिलं नाही. शेपटीत नारिंगी रंगाची पेटी असेल. ती फक्त १२१.५ मेगाहर्ट्झची असेल तर उपग्रह तिला १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकत नाहीत. ४०६ ची हवी, आणि ती बंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅकमधल्या केंद्रात तुमच्या विमानाच्या नावानं आणि चालू फोन नंबरांसह नोंदलेली हवी. पेटी नवी आणि नोंद जुन्या मालकाची, असं मी पाहिलंय. ऑगस्टमध्ये ताम्हिणीच्या झाडीत पडलेलं पांढरं विमान वरून दिसत नाही. बॅटरीची मुदत आजच बघा, अँटेनाची केबल ओढून बघा. याला भागीदारांच्या बैठकीची गरज नाही.

नकाशासाठी सध्या टॅबलेट पुरेसा आहे. फक्त एप्रिलच्या उन्हात काचेला टेकवून ठेवलेला टॅबलेट तापून बंद पडतो, म्हणून छापील नकाशा मांडीवर असू द्या. पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर बघून उडण्याची परवानगी) करायचा विचार असेल तर मात्र गगन वापरणारा, पॅनेलमधला मंजूर जीपीएस घ्यावा लागेल. गगन ही जीपीएस जास्त अचूक करणारी, आपली इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं उभारलेली यंत्रणा, २०१५ पासून विमान उतरवतानाच्या मार्गदर्शनासाठीही प्रमाणित आहे. पण जीपीएस आला म्हणून व्हीओआर आणि आयएलएस (जमिनीवरच्या केंद्रांचे दिशेचे आणि उतरण्याचे संकेत) घेणारा रेडिओ काढू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आसपास विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाल्याचे प्रकार घडले, ते तुम्ही वाचले असतील.

आता कागद. यात माणसं फसतात म्हणून स्पष्ट लिहितो. जी-५ सारख्या उपकरणाच्या दोन आवृत्त्या असतात. एक घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांसाठी, ती स्वस्त. दुसरी तुमच्यासारख्या प्रमाणित विमानासाठी. दिसायला सारख्याच, पार्ट नंबर वेगळा. परदेशातल्या कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून पहिली मागवाल तर ती तुमच्या विमानात बसवताच येणार नाही. अमेरिकेची एसटीसी, म्हणजे त्या बदलाची मंजुरी, तुमच्या मॉडेलला लागू असली तरी डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) तो बदल कोणत्या वाटेनं मान्य होतो हे काम घेणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या, आगाऊ रक्कम देण्याआधी. त्या संस्थेच्या मंजुरीत तुमच्या प्रकारच्या विमानाचं एव्हिऑनिक्सचं (इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं) काम येतं का, तेही वाचा. रेडिओ बदलले की डब्ल्यूपीसीच्या (दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेच्या) लायसन्समध्ये तशी नोंद लागते. काम झाल्यावर नव्यानं वजन आणि तोल, उपकरणांची सुधारित यादी, फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी आणि कंपास स्विंग, म्हणजे विमान वेगवेगळ्या दिशांना उभं करून कंपासची चूक मोजणं. कंपास स्विंग लोक टाळतात. पॅनेलमधलं लोखंड आणि तारा हलल्यावर कंपासच्या चुकांचं जुनं डेव्हिएशन कार्ड खोटं झालेलं असतं, ते फाडून नवं लावा.

संस्था निवडताना त्यांनी केलेल्या शेवटच्या कामाचं पॅनेल मागून दाखवायला सांगा. तारा गटागटानं बांधलेल्या, प्रत्येक टोकाला नंबर, कुठेही टेप नाही, असं दिसलं की भाव करत बसू नका. इंटरनेटवर दिसते ती डॉलरमधली किंमत फक्त पेटीची. कर, वाहतूक आणि बसवायचे तास धरले तर आकडा दुप्पट होऊ शकतो, हे भागीदारांना आधीच सांगा.

वेळ पावसाळ्याची धरा. जून ते सप्टेंबर तुमचं उड्डाण तसंही कमी असतं. पण सगळ्या पेट्या हातात आणि मंजुरीचे कागद पूर्ण असल्याशिवाय एकही स्क्रू काढू देऊ नका. एका मालकाचं विमान एका कनेक्टरच्या संचासाठी सात महिने उघडं पडलेलं मी पाहिलंय, आत उंदरांनी घर केलं होतं. गुढीपाडव्यापर्यंत कागद, मेअखेर सामान, जूनला विमान आत, हा क्रम ठेवा.

तिघांचं भांडण मिटायला एक सोपा तोडगा सुचवतो. तारा, रेडिओ, क्षितिज, ट्रान्सपाँडर, ईएलटी हे तिघांनी समान वाटून घ्यावं, कारण विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्यावर आहे. त्यापलीकडचं ज्याला हवं त्यानं स्वतःच्या खर्चानं करावं, आणि त्याच्या वाट्याची किंमत कशी धरायची ते आधी कागदावर सह्या करून ठरवावं. तारा ओढतानाच पुढच्या उपकरणाची जागा आणि केबल ठेवून घेतली तर टचस्क्रीनवाल्याचा रस्ता बंद होत नाही.

काम झाल्यावर पहिल्याच दिवशी महाबळेश्वरला जाऊ नका. विमान हँगरमध्ये ठेवून बाहेरून वीज द्या आणि मुलीला शेजारी बसवा. तिला मेनू येतात, ती तुम्हाला दोन तासांत शिकवेल. पहिल्या तीन सॉर्ट्या इन्स्ट्रक्टरबरोबर, स्वच्छ सकाळी. बटण शोधताना तुमचं डोकं खाली जाणारच, तेव्हा बाहेर बघणारं दुसरं कुणी हवं. मग एका सॉर्टीत इन्स्ट्रक्टर बरोबर असताना दोन्ही छोटे पडदे पुठ्ठ्यानं झाका आणि मुलीला फक्त गोल डायल, इंजिनाचा आवाज आणि बाहेरचं क्षितिज यांवर एक सर्किट पूर्ण करायला सांगा. ते तुम्हीच शिकवू शकता.

पॅनेल उघडाल त्या दिवशी प्रत्येक कनेक्टरचा हलवण्याआधी फोटो काढा. इंजिनाचे तास, अल्टरनेटरवरच्या पट्टीवरची माहिती आणि ईएलटीचा पार्ट नंबर एवढं मला कळवा. यादी पुढे आपण मिळून करू.